जुन्या रंगाची वर्गखोली, रक्तातलं शिसं आणि मुलांचा अभ्यास: शाळेने नेमकं काय करावं?

पाटीपुस्तक (प्रश्न)

नमस्कार. प्रश्न प्राथमिक शाळेतला आहे. इमारत जुनी, खिडक्या लाकडी. चौकटींवर रंगाचे पाच-सहा थर चढलेत आणि उघडझाप केली की पोपडे नि पूड कट्ट्यावर पडते. दुसरीतल्या एका मुलाची रक्ततपासणी झाली, त्यात शिसं ८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलीटर आलं. मुलगा दिसायला ठणठणीत. पण वाचन मागे, सूचना अर्ध्यात विसरतो, एका जागी टिकत नाही.

याचा संबंध शिशाशी लावता येतो का? ८ हा आकडा किती गंभीर? सुट्टीत सगळा जुना रंग घासून काढून नवा देण्याचा विचार चालू आहे, तो बरोबर आहे का? रक्तातलं शिसं उतरवणारं औषध असतं म्हणतात, त्याने अभ्यास सुधारतो का? आणि वर्गात या मुलासाठी काय करता येईल? जाणकारांनी नीट सांगावं, वरवरचं नको.

बालआरोग्य

आधी त्या ८ आकड्याची खात्री करा. रक्त बोटाला टोचून घेतलं होतं की शिरेतून? बोटावर शिशाची धूळ असेल तर ती थेंबात मिसळते आणि आकडा उगाच फुगतो. स्पिरिटचा बोळा जंतू मारतो, शिसं काढत नाही. त्यासाठी टोचण्याआधी साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. म्हणून बोटातून घेतलेल्या रक्तात शिसं जास्त दिसलं, तर शिरेतून रक्त घेऊन तपासणी परत करायची. ८ च्या आसपासचा आकडा असेल तर हे तीन महिन्यांच्या आत व्हायला हवं.

खात्री झाली की अर्थ लावायचा. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेचा संदर्भ आकडा २०२१ पासून ३.५ आहे. १९९१ मध्ये तो १० होता, २०१२ मध्ये ५ झाला. ३.५ म्हणजे ‘इथपर्यंत चालतं’ अशी रेषा नव्हे, हे पालकांना स्पष्ट सांगा. तिथल्या १ ते ५ वर्षांच्या मुलांत सर्वांत जास्त शिसं असलेली अडीच टक्के मुलं जिथून पुढे सुरू होतात, तो हा आकडा. मुलांसाठी सुरक्षित अशी कोणतीही पातळी सापडलेली नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितलं की ५ किंवा जास्त आलं तर शिसं कुठून येतंय ते शोधायचं आणि तो मार्ग बंद करायचा. त्यामुळे ८ वर हालचाल करायलाच हवी, मात्र घबराट नको. ७० च्या पुढे झटके, गुंगी, बेशुद्धी अशा जिवावरच्या गोष्टी घडू शकतात. ८ वर मूल आजारी दिसत नाही, आणि तिथेच सगळे फसतात.

कमी पातळीलाही नुकसान होतं, एवढंच नाही, तर पहिल्या काही मायक्रोग्रॅमचं नुकसान प्रमाणाने जास्त असतं. २००५ मध्ये सात ठिकाणच्या १,३३३ मुलांची माहिती एकत्र करून केलेल्या अभ्यासात रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेलं की बुद्ध्यंक सरासरी ३.९ गुणांनी घसरलेला दिसला. १० वरून २० ला जाताना आणखी १.९, आणि २० वरून ३० ला जाताना १.१. म्हणून ‘दहाच्या आत आहे ना, मग ठीक’ हे जुनं वाक्य टाकून द्या.

कारण असं की शरीर शिशाला कॅल्शियम समजून आत घेतं. मेंदूत एका पेशीकडून दुसरीकडे निरोप जाताना कॅल्शियमचं काम असतं, तिथे शिसं घुसतं. शिकलेलं पक्कं करण्यात ज्या एनएमडीए ग्राहींचा (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या जागांचा) मोठा वाटा आहे, त्यांनाच ते अडवतं. गिळलेल्या शिशातलं मोठ्या माणसाच्या अंगात साधारण दहावा हिस्सा मुरतो, लहान मुलाच्या अंगात ४० ते ५० टक्के. पोट रिकामं असेल किंवा अंगात लोह कमी असेल तर त्याहून जास्त, कारण आतड्यातून लोह आत नेणारी वाट शिसंही वापरतं. म्हणून हिमोग्लोबिन आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा दाखवणारी तपासणी) दोन्ही तपासून घ्या. लोहाची कमतरता स्वतःच लक्ष उडवते. शिसं आणि लोहाची कमतरता एकत्र असतील तर मुलावर दुहेरी ओझं पडतं, आणि त्यातलं एक तरी हमखास उतरवता येतं.

आणखी एक. रक्तातलं शिसं साधारण महिन्याभरात निम्मं होतं. हाडातलं मात्र वर्षानुवर्षं राहतं. सात वर्षांच्या मुलाचा आजचा आकडा गेल्या काही महिन्यांबद्दल बोलतो. तेच मूल दीड-दोन वर्षांचं असताना रांगत, हात तोंडात घालत होतं तेव्हा तो किती होता, हे त्यावरून कळत नाही. तेव्हा वर्गातल्या दुसऱ्या मुलाचा आकडा आज २ आला म्हणून त्याला कधी शिसं लागलंच नाही असंही म्हणता येत नाही.

आता संबंधाचं. एका मुलाकडे बघून ‘हे शिशामुळेच’ असं कोणीही सांगू शकत नाही. दृष्टी, श्रवण, झोप, घरचा ताण, वाचनदोष, सगळं आधी बघावं लागतं. श्रवणचाचणी नक्की करा, शिशाने ऐकण्यावरही परिणाम होतो आणि कमी ऐकणारं मूल ‘सूचना न पाळणारं’ ठरतं.

ओलं फडकं

रंगाबद्दल लिहितो. घासून काढायचा बेत आजच थांबवा. न घासलेल्या भिंतीपेक्षा कोरडी घासलेली खोली कितीतरी जास्त धोक्याची.

हिशेब करून बघा. जुन्या रंगात शिसं १ टक्का धरू, खऱ्या जुन्या रंगात याहून कितीतरी जास्तही असतं. १ ग्रॅम रंगाची पूड झाली तर त्यात १०,००० मायक्रोग्रॅम शिसं. वर्गाची फरशी ४०० चौरस फूट असेल आणि पूड सारखी पसरली, तर दर चौरस फुटाला २५ मायक्रोग्रॅम. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०२४ मध्ये फरशीसाठी ठरवलेली मर्यादा ५ आहे, खिडकीच्या कट्ट्यासाठी ४०. म्हणजे चिमूटभर पुडीने अख्खी खोली मर्यादेच्या पाचपट जाते, आणि एक खिडकी पॉलिश पेपरने घासली की पूड ग्रॅममध्ये नाही, ओंजळीने निघते.

आधी रंगात शिसं आहे का ते पाहा. एक्सआरएफ हे क्ष-किरणांनी मोजणारं यंत्र भिंतीला लावून सगळ्या थरांचं मोजमाप जागेवरच देतं. ते मिळत नसेल तर सगळे थर येतील असा, लाकडापर्यंत खोल तुकडा काढून प्रयोगशाळेत द्या. फक्त वरचा थर खरवडला तर नव्या रंगाचाच अहवाल येतो, ही नेहमीची चूक. बाजारात घासून रंग बदलणाऱ्या काड्या मिळतात, त्या लाकडावर-लोखंडावर प्राथमिक अंदाजाला ठीक. प्लास्टरवर भरवसा ठेवू नका, त्यातलं सल्फेट आड येतं आणि शिसं असूनही काडी कोरी राहू शकते.

मग काम. खोली पूर्ण रिकामी. पुस्तकं, चटया, पडदे बाहेर. फरशीवर ०.१५ मिलिमीटर जाडीचं प्लास्टिक, भिंतीला चिकटपट्टीने पक्कं. दारावर प्लास्टिकचे दोन पडदे. पंखे बंद, खोल्यांमधून वारा खेळेल असं काही उघडं ठेवायचं नाही. रंग पाण्याचा फवारा मारून ओला करायचा, मग खरवडायचा, सुकला की पुन्हा ओला. ब्लो टॉर्च अजिबात नाही. हीट गन वापरलीच तर तापमान ५९० अंश सेल्सिअसच्या खूप खाली, नाहीतर शिशाची वाफच श्वासात जाते. कारागिरांना पी१०० किंवा त्या दर्जाचा मास्क, कामाचे कपडे तिथेच उतरवायचे. ते घरी गेले तर धूळ त्यांच्या लेकरांपर्यंत पोचते.

सगळं काढायची गरजही नसते. शाबूत थर घट्ट असेल तर त्यावर जाड लेप किंवा पत्रा-फळी बसवून तो झाकता येतो. पण खिडकीची सरकती बाजू आणि दाराची कड यांना हे लागू नाही. तिथे लाकूड लाकडावर घासतं, वर कितीही रंग द्या, पूड निघतच राहते. त्या झडपा बदलून टाकणं हा एकच पक्का उपाय. पैसे मोजकेच असतील तर आधी खिडक्या, भिंती नंतर. नवा रंग घेताना शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९०) आत असल्याचा चाचणी अहवाल मागा. डब्यावरच्या ‘शिसंविरहित’ शब्दावर थांबू नका.

साफसफाई: हेपा गाळणी असलेला व्हॅक्यूम, मग डिटर्जंटच्या पाण्याने ओलं पुसणं, मग पुन्हा हेपा. दोन बादल्या हव्यात, एक साबणाची, एक फडकं पिळायची. एकाच बादलीत बुडवलं तर पूड फरशीवर परत पसरते. साधा व्हॅक्यूम बारीक धूळ मागून बाहेर फेकतो, झाडू ती उडवतो. पुसलेलं पाणी मोकळ्या मातीवर ओतू नका, तिथे उद्या मुलं खेळतात. शेवटी धूळपुसणी चाचणी: मोजून एक चौरस फूट जागा ओल्या पुसणीने पुसून प्रयोगशाळेत. तो आकडा येईपर्यंत वर्ग भरवायचा नाही.

तोवर आजपासून एवढं करा: पोपडे असलेल्या खिडक्या कायमच्या बंद, कट्टे रोज ओल्या फडक्याने, मुलांची बाकं खिडकीपासून दूर, डबा खाण्याआधी साबणाने हात.

पाटीपुस्तक

मनापासून धन्यवाद. घासण्याचं काम थांबवायला सांगितलं आहे. औषधाचा प्रश्न राहिला. मुलाचे पालक तेच विचारत आहेत.

बालआरोग्य

त्यांना ‘नाही’ असं सांगा आणि कारणही सांगा, म्हणजे ते दुसरीकडे जाऊन घेणार नाहीत. सक्सिमर नावाचं औषध शिशाला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. अमेरिकेत २० ते ४४ पातळी असलेल्या ७८० मुलांवर त्याची रीतसर चाचणी झाली, अर्ध्यांना औषध, अर्ध्यांना तसंच दिसणारं निष्प्रभ औषध. औषध घेणाऱ्यांचं रक्तातलं शिसं सुरुवातीला झपाट्याने उतरलं. पण २००१ च्या निष्कर्षात बुद्धी, वर्तन, लक्ष यांत फरक नव्हता, आणि सात वर्षांच्या वयात पुन्हा तपासलं तेव्हाही नव्हता. रक्त स्वच्छ दिसलं म्हणून झालेली हानी भरून निघत नाही. हे औषध ४५ आणि वरच्या मुलांसाठी आहे, दवाखान्याच्या देखरेखीत. ८ वर त्याची जागा नाही. घरात शिशाची धूळ तशीच ठेवून औषध देणं तर कधीच नाही.

८ वर खरा उपचार म्हणजे शिसं येण्याची वाट बंद करणं. शाळेबरोबर घरही तपासा. पालक जुन्या बॅटऱ्या फोडण्याच्या, वितळवण्याच्या, रंगकामाच्या किंवा डागकामाच्या (सोल्डरिंगच्या) धंद्यात आहेत का, हे आरोप न करता विचारा. तीन महिन्यांनी रक्त परत.

हातचा एक

वर्गातलं मी सांगते. सुरुवात १९७९ पासून करावी लागेल, कारण या विषयात शिक्षकांचं निरीक्षण किती मोलाचं आहे ते तिथे दिसलं. हर्बर्ट नीडलमन यांनी बोस्टनजवळच्या चेल्सी आणि समरव्हिल इथल्या मुलांचे पडलेले दुधाचे दात जमवून त्यातलं शिसं मोजलं. दात शिशाचा जुना हिशेब धरून ठेवतो, रक्तासारखा महिन्याभरात विसरत नाही. शिक्षकांना दाताचा आकडा न सांगता प्रत्येक मुलाबद्दल अकरा प्रश्न विचारले: लक्ष सहज उडतं का, काम तडीस नेतो का, साधी सूचना पाळतो का, एकामागून एक दिलेल्या सूचना पाळतो का, नुसता बघत बसतो का. शिसं जितकं जास्त, तितकी ‘त्रास आहे’ अशी उत्तरं जास्त. त्यांतल्या १३२ जणांना मोठेपणी पुन्हा गाठलं, निष्कर्ष १९९० मध्ये आले. दातात शिसं जास्त असलेल्यांमध्ये शाळा पूर्ण न होण्याची शक्यता सातपटीहून जास्त निघाली, आणि वाचनातली अडचण तरुणपणीही तशीच होती.

आता वहीजवळ येऊ. ५२ वजा २७ घ्या. मूल दोनातून सात जात नाहीत हे ओळखतं, शेजारच्या पाचाकडून एक उसना घेतं, बारातून सात गेले पाच, हे बरोबर लिहितं. मग डावीकडे वळतं आणि पाचातून दोन गेले तीन. उत्तर ३५. पाचाचा चार झाला होता, ते वाटेतच निसटलं. रीत येते, पण ती करत असताना एक गोष्ट मनात धरून ठेवायची जागा कमी पडते. याला ‘निष्काळजीपणा’ म्हणून लाल रेघ मारली की मूल दुसऱ्यांदा हरतं. उपाय साधा आहे: उसना घेतल्याक्षणी पाच खोडून वर चार लिहायचा, प्रत्येक वेळी, तोंडी करायला येत असलं तरी. मनातलं ओझं कागदावर उतरवायचं, हेच सूत्र बाकी सगळ्याला लावा.

‘वही काढा, तारीख घाला, पान चौदा उघडा आणि तिसरं गणित सोडवा’ या चार सूचना आहेत. एक द्या, झाली की दुसरी. फळ्याच्या कोपऱ्यात चित्रांसह तीच यादी, म्हणजे मूल विसरलं तरी परत बघू शकतं, विचारावं लागत नाही. फळ्यावरून लांबलचक उतरवून घ्यायला लावू नका; वर बघणं, धरून ठेवणं, खाली लिहिणं यात या मुलाची सगळी शक्ती जाते आणि शिकायचं राहतं. छापील ओळी द्या, त्याने गाळलेला शब्द भरावा. बसायला पुढे, दाराजवळ नाही. दहा-बारा मिनिटांचं काम, मग अंगाला हालचाल देणारं काहीतरी, वह्या गोळा करणं वगैरे.

वाचन मागे असेल तर ‘घरी जास्त वाचून घ्या’ एवढ्याने भागत नाही. आवाज सुटे करता येतात का ते बघा: शब्द ऐकवून पहिला आवाज काढून टाकायला सांगा, काय उरलं ते विचारा. तिथे अडत असेल तर रोज पंधरा-वीस मिनिटं, तीन-चार मुलांच्या गटात, आवाज आणि अक्षर यांची सांगड, ठरलेल्या क्रमाने. दर दोन आठवड्यांनी एक मिनिट वाचून बरोबर शब्द मोजा आणि आलेख ठेवा. आलेख सपाट राहिला तर पद्धत बदला, मुलाला दोष देऊ नका.

दुसरीत सगळं ठीक वाटलं म्हणून फाईल मिटवू नका. तिसरी-चौथीत ‘वाचायला शिकणं’ संपून ‘वाचून शिकणं’ सुरू होतं, सहावी-सातवीत वेळेचं नियोजन स्वतः करावं लागतं. शिशाची झळ कपाळामागच्या ज्या भागाला लागते त्याच्यावर खरी मागणी तेव्हाच येते. या दोन वळणांवर पुन्हा तपासणी ठेवा.

चौथा तास

एक शंका. शिक्षकांना आकडा सांगितला तर ‘याच्या डोक्यात शिसं आहे, याला काय येणार’ असं होणार नाही का? मग मदतच तुटते. मला वाटतं आकडा पालक आणि डॉक्टरांपुरता राहावा.

हातचा एक

तुमची भीती खरी आहे, आणि शिक्षकखोलीत आकडा चर्चेला येता कामा नये हे मान्य. पण वर्गशिक्षिकेला अजिबात न सांगणं महागात पडतं, कारण मग अडचण दिसायला लागेपर्यंत दोन वर्षं जातात. पालकांच्या लेखी संमतीने एका व्यक्तीला सांगा, फाईलमध्ये आकड्याऐवजी ‘लक्ष आणि कार्यस्मृतीसाठी आधार, दर सहा महिन्यांनी आढावा’ असं लिहा.

आणि ‘याला काय येणार’ला उत्तर आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत शिसं मिळालेल्या उंदरांना मोठ्या पिंजऱ्यात सोबती, खेळणी, चढ-उतार असं भरलेलं वातावरण दिलं तर त्यांची शिकण्याची क्षमता बऱ्यापैकी परत आली. माणसांत, अमेरिकेतल्या शार्लट शहरात, दोन चाचण्यांत १० च्या वर आलेल्या मुलांना घराची तपासणी, पोषण, वैद्यकीय आणि विकासविषयक मदत मिळाली. दुसऱ्या चाचणीत जेमतेम १० च्या खाली आल्यामुळे ज्यांना ती मदत मिळाली नाही, त्यांच्यापेक्षा त्यांचं शाळेतलं यश आणि वागणूक दोन्ही सरस निघाली. हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला.

बालआरोग्य

यात एक भर. एका मुलाच्या बुद्ध्यंकाचे तीन-चार गुण कमी होणं डोळ्यांना दिसतही नाही, म्हणून लोक ‘एवढ्याने काय’ म्हणतात. अख्ख्या लोकसंख्येची सरासरी १०० वरून ९५ वर आली तर १ लाख मुलांत ७० च्या खालची मुलं सुमारे २,३०० वरून ४,८०० च्या जवळ जातात, आणि १३० च्या वरची २,३०० वरून हजारावर येतात. विशेष मदत लागणारी मुलं दुप्पट. हा भार कुठल्या तरी वर्गावर पडतोच.

नळ

पाण्याचं कोणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. जुने पितळी नळ आणि शिशाचे डाग दिलेले सांधे यातून शिसं उतरतं, रात्रभर पाणी पाइपात थांबलं की जास्त. नमुना शाळा उघडण्याआधी घ्यायचा, पाणी ८ ते १८ तास न वापरलेलं. पहिलं धारेचं पाणी २५० मिलिलीटर, तोंडाची जाळी न काढता. मग ३० सेकंद सोडून दुसरा नमुना. पहिला जास्त आणि दुसरा कमी, तर दोष नळात, तो बदला. दोन्ही जास्त, तर मागच्या पाइपात. आदल्या रात्री पाणी सोडून ठेवलं किंवा जाळी काढली तर आकडा खोटा कमी येतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा लिटरला १० मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकेतली बालरोगतज्ज्ञांची संघटना शाळेसाठी १ च मागते. उकळून शिसं जात नाही, पाणी आटल्याने ते दाटच होतं. गाळणी घ्यायची तर शिसं काढण्यासाठी प्रमाणित आहे का ते पाहा आणि तिचा आतला भाग (कार्ट्रिज) ठरलेल्या लिटरनंतर बदला. सोमवारी आणि सुट्टीनंतर सकाळी सगळे नळ काही मिनिटं वाहू द्या.

पाटीपुस्तक

नळांचे नमुने मंगळवारी सकाळी घेतो, दोन-दोन बाटल्या. खिडक्या आजच खिळे मारून बंद केल्या. मुलाच्या आईवडिलांना उद्या भेटतोय, श्रवणचाचणी आणि फेरिटिन दोन्ही लिहून देतो. ‘हातचा एक’ ताई, एक मिनिटाच्या वाचनाचा आलेख दुसरीच्या सगळ्याच मुलांचा ठेवला तर चालेल ना? म्हणजे कुणा एकावर बोट राहणार नाही.

हातचा एक

सगळ्यांचाच ठेवा. प्रत्येकाला तोच उतारा, ओळखीचा नसलेला, आणि वेळ खिशातल्या घड्याळावर, मुलाला दिसणार नाही असा. अडलेला शब्द तीन सेकंद थांबून तुम्हीच सांगा आणि त्याला पुढे जाऊ द्या.